पूर्वेच्या पट्ट्यातले हळोतरं

प्रतापसिंह मोहिते बांधावर पोचला तेव्हा ट्रॅक्टर बंद झाला होता आणि त्याचे वडील आबा पुढच्या चाकाला पाठ टेकून फेट्याच्या शेवाने कपाळ पुसत होते. नांगराच्या फाळांना काळी माती चिकटली होती. प्रतापसिंहाने सवयीने चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. ओलसर होती. भर वैशाखात, पाऊस थांबून इतके महिने झाल्यावर, वीतभर खाली ओल! क्षणभर त्याला आनंदच झाला. मग ही माती कुठून आली ते ध्यानात आले.

"आबा, हे काय केलंत?"

"हळोतरं." आबांनी फेटा पुन्हा बसवला. "मुहूर्त उजाडताचा होता. काल तू उशिरा आलास, म्हटलं निजू दे."

"पण इथं? पूर्वेच्या पट्ट्यात?"

"मग काय आभाळात काढू?"

पूर्वेच्या पट्ट्याच्या मधोमध, तुरीच्या काडाचे पांघरूण फाडत, नांगराचे पाच चास या बांधापासून त्या बांधापर्यंत गेले होते. ऐंशीला टेकलेल्या माणसाने काढलेले, तरी दोरी धरल्यासारखे सरळ.

प्रतापसिंहाने खिशातून फोन काढला, परत ठेवला आणि मटकन बांधावर बसला.

मकरपुऱ्याच्या कारखान्यांची शेवटची भिंत संपल्यावर बडोद्याच्या बाजूला जी थोडी काळी रानं उरली आहेत, त्यांतले एक सामरी गावचे. तिथे मोहित्यांची जमीन. पणजोबा सरकारी पागेत शिलेदार होते, त्यांना ती मिळाली. पागा गेली, घोडी गेली, जमीन राहिली. तेव्हापासून घरात अक्षय्य तृतीया आणि रानात आखातरीज असा मोहित्यांचा दुहेरी संसार. सकाळी प्रतापसिंहाची बायको दुर्गाबाई देवापुढे आंब्याचा नैवेद्य दाखवायच्या आणि पुरुष गावाबरोबर हळोतरं करायचे: नांगराला कुंकू, लाल दोरा, सगळ्यांना गूळ, आणि वर्षाची सुरुवात म्हणून शेतात पाच चास. सामरीत पहिला चास मोहित्यांचा असे. असे का, हे पाटलांनाही सांगता येत नसे. पण मोहित्यांच्या आधी कोणी नांगर टेकवत नसे.

प्रतापसिंहाने तरुणपणी मकरपुऱ्यात लेथवर काम केले. लोखंड सुताभराने इकडे-तिकडे झाले तरी फोरमन तो तुकडा भंगारात टाकायचा. तिथून तो सरळपणाची खोड घेऊन आला. ट्रॅक्टर घेतला, पलटी नांगर घेतला आणि आजूबाजूच्या चार गावांची रानं भाड्याने नांगरू लागला. शाळेचे मास्तर मुलांना म्हणत, "रेघ प्रतापभाईच्या चासासारखी मार." त्याचा फाळ इतका घासलेला असे की आबा त्यात बघून फेटा बांधत. निदान तसे ते सांगत.

असा माणूस नांगर न चालवण्याच्या योजनेत शिरला, हे गावाला शेवटपर्यंत उलगडले नाही.

सरकारची ती योजना साधी होती. माती आणि पाणी राखण्याच्या नव्या पद्धती प्रयोगशाळेत नाही, तर पिकत्या शेतावर करून बघायच्या. नुकसान झालेच तर भरपाई सरकारने द्यायची. ग्रामपंचायतीत ती समजावून सांगायला केयूर पागे नावाचा क्षेत्र अधिकारी आला होता. "नांगरायचं नाही, काड जाळायचं नाही, काडातच पेरायचं," असे तो म्हणाला आणि सगळी सभा हसून प्रतापसिंहाकडे बघू लागली.

प्रतापसिंहाने हात वर केला.

"काका, तुम्ही?" केयूरही चाट पडला.

"माझ्याइतका नांगर इथं कोणी फिरवला नाही. पंधरा वर्षांपूर्वी हेच रान मी तिसऱ्या गिअरात नांगरायचो. आता ट्रॅक्टर पहिल्यात धूर ओकतो. खाली जमीन तव्यासारखी झालीय. कोणी केली? मीच ने? मग नांगर नसला तर काय होतं, तेही मलाच बघू द्या."

शेताचे दोन पट्टे पडले. पश्चिमेचा नेहमीसारखा नांगरायचा, पूर्वेच्या पट्ट्यात तीन वर्षं नांगर घालायचा नाही. पेरणीयंत्राच्या बारीक चिरेपलीकडे माती हलता कामा नये, ही मुख्य अट. शेवटी दोन्हीकडची माती आणि पाणी मोजायचे. पूर्वेचा पट्टा कसोटीला उतरला, तर गावातल्या ज्यांनी नावे दिली होती त्यांना पुढच्या फेरीत हीच मदत मिळणार होती. पहिले नाव शेजारच्या रायजीभाईचे होते. हाच रायजीभाई पहिल्या वर्षी त्या पट्ट्याला 'मोहितेनो उकरडो' म्हणत असे. तिसऱ्या वर्षी श्रावणात पावसाने दडी मारली. पश्चिमेच्या तुरीने माना टाकल्या, पूर्वेची उभी राहिली. त्यानंतर उकरड्याचे नाव निघाले नाही.

मोजणी येत्या सोमवारी होती. नमुने घ्यायचे ते पट्ट्याच्या मधल्या भागातून. आणि आबांचे पाच चास नेमके मधून गेले होते.

"मी तुम्हाला म्हटलं होतं ने, आबा," प्रतापसिंह अखेर म्हणाला, "ह्या पट्ट्यात नांगरणी नाही."

"नांगरणी कुठं केली? हळोतरं केलं."

"नांगरच घातला ने!"

"नांगरणी वेगळी, हळोतरं वेगळं. नांगरणी कामाची, हळोतरं शुकनाचं. एवढं कळत नाही तुला?"

तीन वर्षांत प्रतापसिंहाने आबांना दहादा सांगितले होते, नांगरणी नाही. हळोतरंही नाही, असे एकदाही सांगितले नव्हते. कारण हळोतरं म्हणजे नांगरणी नव्हे, हे त्यालाही इतके अंगवळणी पडले होते की ते वेगळे बोलावे लागेल असे वाटलेच नाही. केयूरच्या अटीतही तो शब्द नव्हता. अटी लिहिणाऱ्याला आखातरीज सुचली नसावी.

घरी येऊन त्याने केयूरला फोन लावला. केयूर बडोद्याचाच, रावपुऱ्यातला. सगळे ऐकून त्याने आवाज खाली आणला.

"काका, कोणी फोटो-बोटो नाही ने काढला?"

"नाही."

"मग टेन्शन नका घेऊ. सोमवारपर्यंत वेळ छे. दंताळं फिरवा, माती बेसवा, वर काड पसरा. नमुने आपण जरा बाजूचे घेऊ. तीन वरसची महेनत एका सकाळसाठी पाण्यात नाही घालायची. आणि रायजीभाई ने बाकीचे पण आहेत रांगेत."

"बघतो."

"बघतो नाही, कराच. मी काही ऐकलं नाही, बस."

दुर्गाबाई ओट्याशी उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "अहो, आबांना रागावू नका. काल दिवसभर ते त्या नांगराचा फाळ विटेनं घासत होते. मला वाटलं, चाळा म्हणून."

"रागावलो नाही."

"तोंडावर दिसतंय ने."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तो दंताळे घेऊन रानात गेला. रायजीभाई तिथे आधीच आला होता, स्वतःचे दंताळे घेऊन. गावात बातमी पोचायला फोन लागत नाही.

"प्रतापभाई, आबाए तो तमारी परीक्षामां ज हळ फेरवी दीधुं!" तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. "चालो, ढांकी दईए. बे जण छीए, वार नहीं लागे."

दोघांनी पहिल्या चासाची माती लोटली, पायाने दाबली, वर काड ओढले. काम छान झाले. पाच पावले मागे जाऊन बघितले तर तिथे काही घडलेच नाही असे वाटावे. रायजीभाईने खूश होऊन तंबाखू मळायला घेतली. प्रतापसिंहालाही हलके वाटले. इतके सोपे होते तर रात्रभर डोळा का लागला नाही, असे त्याच्या मनात येत होते, एवढ्यात बांधावरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"हे काय चाललंय?"

आबा आज बिनफेट्याचे होते. उघड्या डोक्याने ते एकदम म्हातारे दिसत.

"काही नाही, आबा. जरा सारखं करतोय."

"हळोतरं झाकतोस?" आबा चालत चासापर्यंत आले. "हळोतरं झाकतात का कुठं? मढ्यावर लोटतात तशी माती लोटतोयस. आणि तू रे रायजी, तूही?"

"आबा, साहेब नापास करशे," रायजीभाई नजर चुकवत म्हणाला.

"कोणाला?"

मग प्रतापसिंहाने सांगितले. काही न गाळता, पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसे: अट काय, मोजणी कधी, मधला भाग का लागतो, पट्टा बाद झाला तर कोणाकोणाची मदत अडेल. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"तिन्ही वर्षं गेली?"

"गेली."

"सांगितलं असतंस."

"सुचलं नाही, आबा."

आबांनी मान हलवली. चासाच्या कडेला उकिडवे बसले आणि फोडलेल्या ढेकळावरून हात फिरवू लागले. ढेकूळ त्यांच्या बोटांखाली सुटत होते. पश्चिमेच्या रानातले हातोडीशिवाय फुटत नसे.

"दोन वर्षं तू पश्चिमेला हळोतरं केलंस," ते म्हणाले. "मी बोललो नाही. पण यंदा तूर कुठल्या अंगाला उभी राहिली? ह्या. घर कोणी राखलं? ह्या जमिनीनं. माझे आजोबा सांगायचे, मोहिमेवरून परत आल्यावर ज्या घोड्यानं पाय रोवले, हार त्याला. पागेत ठाणबंद राहिला त्याला नाही. म्हटलं, हिला तिसऱ्या वर्षीही बिनकुंकवाची ठेवायची? म्हणून फाळ घासला. तुला उठवलं असतं तर तू पश्चिमेला नेला असतास."

रायजीभाईची तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

प्रतापसिंहाला तीन वर्षं वाटत आले होते की आबांना हा प्रयोग म्हणजे पोराचे खूळ वाटते. ते कधी पट्ट्यात आले नव्हते, कधी चांगले म्हणाले नव्हते, वाईटही नाही. आणि ह्या माणसाने अख्ख्या गावाच्या पहिल्या चासाचा मान पूर्वेच्या पट्ट्याला दिला होता. एका सरकारी मोजणीने यापेक्षा मोठे काय सांगितले असते? तरी मोजणी हवी होती. जीव तोडून हवी होती. तो दंताळे धरून तसाच उभा राहिला.

मग खाली वाकून, झाकलेल्या चासावरचे काड त्याने दोन्ही हातांनी बाजूला ओढले.

"प्रतापभाई!" वेड्याकडे बघावे तसे बघत रायजीभाई ओरडला. "गांडा थया के शुं?"

"रायजीभाई, गाव सगळं जाणतं की पहिला चास कुठं पडला. तो झाकून मी उद्या कोणाच्या रानात सरळ नांगर धरू?"

"अने अमारुं?"

"तुमच्यासाठी मी बोलेन. पण खोटं बोलून नाही."

रायजीभाई पुटपुटत निघून गेला. जाताना दंताळे विसरला, किंवा विसरल्यासारखे केले.

सोमवारी केयूरबरोबर डॉक्टर शलाका कर्णिक आल्या. कारेलीबागेतल्या, मातीच्या शास्त्रज्ञ. कॉटनचा कुडता, पायात बूट, उन्हासाठी पांढरी टोपी. जीप थांबल्याबरोबर केयूरने चास बघितले आणि प्रतापसिंहाकडे अशा नजरेने पाहिले, जणू त्याच्याच पाठीवरून नांगर गेला होता.

आबा पट्ट्याच्या तोंडाशी उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, भगवा फेटा, काठी घरी ठेवलेली.

"हे चास मी काढले," बाई काही विचारायच्या आत ते म्हणाले. "माझं नाव दत्ताजीराव. ह्यात प्रतापचा हात नाही. त्याला विचारू नका, मला विचारा."

शलाकाबाईंनी त्यांच्याकडे, मग चासांकडे बघितले. पट्ट्याच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेल्या, परत आल्या.

"आखातरीज?" त्यांनी विचारले.

"हो."

"आमच्या कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही?" त्या केयूरकडे वळल्या. "पुढच्या करारात नीट लिहा. हळोतरंसुद्धा नाही, असं. हाच शब्द लिहा." मग आबांकडे बघत म्हणाल्या, "चास मात्र सरळ आहेत, आजोबा."

"प्रतापचे याहून सरळ असतात. पण त्यानं काढले नाहीत."

बाई हसल्या नाहीत. प्रतापसिंहाला त्या म्हणाल्या, "मोहिते, मला हा पट्टा धरता येणार नाही. कडेचे नमुने घेऊन मी आकडे देऊ शकते, पण उद्या कोणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल. तुम्हालाही. अहवालात तिसरं वर्ष बाद, म्हणजे तिन्ही."

"माहीत होतं," प्रतापसिंह म्हणाला. "फक्त एक मागतो. मोजायला आलात तर मोजून दाखवा. कागदावर घेऊ नका. ह्यांना बघू दे."

त्याने बांधाकडे हात केला. बातमीच्या वासाने गाव जमले होते. पुढे रायजीभाई, हाताची घडी घालून.

केयूरने जीपमधून लोखंडी कड्या काढल्या, बिनबुडाच्या डब्यासारख्या. एक पश्चिमेच्या रानात ठोकली. एक पूर्वेला, चासांपासून दूर, काड हळूच बाजूला करून. दोन्हींत सारखे पाणी ओतले. पश्चिमेच्या कडीत पाणी बसले. आभाळ त्यात दिसत राहिले, एक चिमणीही वरून गेलेली दिसली. पूर्वेच्या कडीतले पाणी खाली गेले. केयूरने पुन्हा ओतले. तेही गेले. तिसऱ्यांदा रायजीभाईने त्याच्या हातून बादली घेतली आणि स्वतः ओतले, जणू केयूर हातचलाखी करत असावा. कडीशी बसून तो बघत राहिला. पाणी गेले. त्याने आत बोट घातले, बाहेर काढले, बघितले आणि धोतराला पुसले.

"आ तो पी जाय छे," तो कोणालाच उद्देशून नाही असे म्हणाला.

जाताना शलाकाबाईंनी प्रतापसिंहाला विचारले, "पहिल्यापासून धरायचं का? पुन्हा तीन वर्षं. ते मात्र मी लिहून देऊ शकते."

"धरा."

"विचार करून सांगा."

"झाला विचार."

"तीन वर्षं म्हणजे मला थांबावं लागणार," आबा मागून म्हणाले. "बरं, थांबतो. घाई कोणाला आहे?"

ते थांबले नाहीत. माघात, थंडी ओसरता ओसरता, झोपेतच गेले. त्या दिवशी सामरीत एकही नांगर निघाला नाही.

पुढच्या आखातरीजेला उजाडताना प्रतापसिंह शेडमध्ये आला. डोक्यावर आबांचा भगवा फेटा होता, दुर्गाबाईंनी इस्त्री करून ठेवलेला. त्याने नांगरावरचे पोते काढले. रायजीभाईने सरकारची वाट न बघता त्या हंगामात रान नांगरले नव्हते. त्याचे बघून पाटलांनी आणि आणखी चौघांनी. कोणी प्रतापसिंहाला नांगरायला बोलावले नव्हते, आणि नाही बोलावले म्हणून भेटायला मात्र एकेक जण येऊन गेला होता. भाड्याची कामे निम्म्यावर आली होती. फाळावर तांबूस गंज चढला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर बांधावर माणसे जमल्याची चाहूल लागत होती. रायजीभाईचा आवाज सगळ्यांत मोठा: "अरे, पहेलो चास पश्चिममां! पूर्वमां कोई पग ना मूकशो, बाई करारमां हळोतरां लखी गयां छे!" लोक हसले.

दुर्गाबाईंनी कुंकवाची वाटी पुढे केली. प्रतापसिंहाने बोट बुडवून फाळाला लावले. गंजावर कुंकू दिसेना.

त्याने कोपऱ्यातला विटेचा तुकडा उचलला. एका बाजूने तो झिजून गुळगुळीत झाला होता, बोटे बरोबर बसत होती. खाली बसून तो फाळ घासू लागला. तळहाताएवढी जागा उजळली तेव्हा त्याने वाकून बघितले. चेहरा ओळखू येत नव्हता, फेट्याचा रंग तेवढा दिसत होता. फेटा जरा डावीकडे कलला होता. त्याने तो सरळ केला, उजळलेल्या जागी कुंकू लावले आणि ट्रॅक्टर सुरू करून पश्चिमेच्या रानाकडे वळवला.